रोज काठोकाठ

१२ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार, आणि लगेच कामाचं बोलते. फोन करत नाही, कारण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यावर तू भांडतोस. चाळीस वर्षं गॅरेजात पत्र्यावर हातोडे मारून कानांचं जे व्हायचं ते झालंय. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं.

माझी गाडी संपली. परवा चढावर तिने जीव सोडला, आणि इथल्या मेकॅनिकने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी त्याच्याकडचा चहासुद्धा प्यायले नाही. दवाखान्याची अट तुला माहीत आहे. घरोघरी जाऊन मलमपट्टी करणाऱ्या नर्सने स्वतःची गाडी ठेवायची, ते किलोमीटरमागे ठरलेला भत्ता देणार. गाडी नसेल तर मला खिडकीमागे बसवून केसपेपर लिहायला लावतील. चौदा पेशंट आहेत माझे, सगळे अंथरुणाला खिळलेले, नाहीतर पायाने अधू. रोजची फेरी एकशेपाच किलोमीटरची. खिडकीमागे बसले तर त्यांच्याकडे कोण जाणार, हे डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही.

आता ऐक, आणि खुर्चीवरून उठू नकोस. एक वापरलेली विजेवरची गाडी बघितली आहे. दलाल म्हणतो, एकदा भरली की एकशेनव्वद किलोमीटर जाते आणि खर्च पेट्रोलच्या चौथ्या हिश्शावर येतो. भत्ता तोच, म्हणजे उरलेलं माझ्या हातात. पण हा माणूस इतका गोड बोलतो की माझ्या मनात पाल चुकचुकते. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार, तेही हसून. तू काय म्हणतोस ते लिही. टिंगल एकाच परिच्छेदात उरक.

तुझी ठमी


२० फेब्रुवारी

ठमाबाई,

आशीर्वाद. टिंगल करत नाही, कारण यात हसण्यासारखं काही नाही.

चौथा हिस्सा म्हणे. त्या दलालाला विचार, टायरचा हिशेब त्यात धरलाय का? या गाड्या अंगाने जड, टायर लवकर झिजतात. विमा विचार. गाडी भरायला भिंतीवर जो डबा बसवायचा त्याचा खर्च, त्यासाठी नवी वायर ओढायची तिचा खर्च, हे विचार. आणि सगळ्यात मुख्य, बॅटरी. इंजिन बिघडलं तर मी उघडून बघू शकतो. बॅटरी म्हणजे झाकली मूठ. आत काय उरलंय ते देवाला आणि आधीच्या मालकाला ठाऊक, आणि दोघंही बोलायचे नाहीत. हल्ली सगळंच असं झालंय. तुझ्या वहिनीने वीज वाचवणारं कपडे धुण्याचं यंत्र आणलं. वीज वाचवतं, खरं आहे, पण एक कपडा धुवायला अडीच तास घेतं आणि झालं की गाणं म्हणतं. वाचलेल्या विजेचं काय करायचं ते त्या गाण्यात सांगत नाहीत.

आपली निळी गाडी आहे. सोळा वर्षांची, पण तिचा नट न् नट मला माहीत आहे. भावाच्या भावात देतो. पेट्रोल पिते, पण निदान काय पिते ते दिसतं.

तू ऐकणार नाहीस हे लिहितानाच समजतंय. लहानपणी सायकल घेतानाही सल्ला माझा घेतलास आणि सायकल स्वतःच्या मनाची घेतलीस. वहिनी आठवण काढते.

दादा


१५ मार्च

दादा,

घेतली. रागावू नकोस, निदान हे पान संपेपर्यंत.

पांढरी आहे, बुटकी आहे, आणि आवाज अजिबात नाही. माझ्या पेशंटांपैकी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज खिडकीत बसून माझ्या इंजिनाचा आवाज ऐकायच्या आणि मग केस विंचरायच्या. आता मी दारात उभी राहते तेव्हा त्यांचा फणी-आरसा शोधण्याचा गोंधळ चालू असतो. म्हणाल्या, "सिस्टर, मांजरासारखी येऊ नका हो." फेरीच्या शेवटी मास्तर असतात, टेकडीवर. शाळेतून निवृत्त झालेत, साखरेचा आजार आहे, उजव्या पायाला जखम. ते म्हणाले की गाडीला आवाज नाही ही शिस्त आहे, बाकीच्या जगाने ती घ्यावी.

गाडी भरायचा डबा खाली अंगणातल्या भिंतीवर बसवला. त्याला वेगळा मीटरही लावून घेतला. अंगण माझं आणि घड्याळवाल्या काकांचं मिळून आहे. तळमजल्यावर त्यांचं दुरुस्तीचं दुकान. त्यांनी स्वतः शिडी धरली.

एक अडचण आहे. माहितीपुस्तक गाडीबरोबर मिळालं नाही. आधीच्या मालकाने हरवलं म्हणे. दलालाला विचारलं की हिची निगा कशी राखायची, तर म्हणाला, "निगा कसली, मोबाइलसारखी लावायची आणि विसरायची." असल्या उत्तरावर मी गाडी सोडणार नाही. तू सांग. तुला विजेची गाडी आवडत नाही, पण गाडी ती गाडीच. ही टिकली नाही तर मी टिकत नाही, एवढं लक्षात ठेवून सांग.

ठमी


२४ मार्च

ठमे,

बरं. पाण्यात पडलीसच आहेस तर पोहायला शिकवतो.

आपल्या गॅरेजचा पहिला नियम, जो बाबांनी मला सांगितला आणि मी हजार गिऱ्हाइकांना सांगितला: टाकी कधी अर्धी ठेवायची नाही. अर्ध्या टाकीत हवा, हवेत ओल, ओलीतून गंज. ज्याची टाकी भरलेली त्याची गाडी वीस वर्षं चालते. हिची टाकी म्हणजे बॅटरी. तेव्हा रोज भर, काठोकाठ. घरी आलीस की लाव, आणि सकाळी निघेपर्यंत लावलेलीच राहू दे. निम्म्यावर कधी उभी करू नकोस. दुपारी दवाखान्याजवळ ते झटपट भरायचं यंत्र असेल तर तिथेही भरून घे. पोट भरलेलं जनावर कधी अडून बसत नाही.

दुसरा नियम, टायरची हवा दर आठवड्याला बघ. तिसरा, दलालाच्या कुठल्याही कागदावर पुन्हा सही करू नकोस.

आणि मीटरवर नजर ठेव. शिडी धरणारे शेजारी मी खूप पाहिलेत.

दादा


३० ऑगस्ट

दादा,

कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते कुठे हे मला कळत नाही.

उन्हाळाभर तुझा नियम एक दिवस मोडला नाही. घरी आले की लावते. दुपारी दवाखान्याजवळ चहा होईपर्यंत पुन्हा भरते. डॉक्टरीणबाई म्हणतात, तू गाडीला बाळासारखं दूध पाजतेस. तरीही काट्यावर आता एकशेनव्वदऐवजी एकशेपासष्ट दिसतात. दलालाला फोन केला तर तो हसला. मला त्याचं हसणं पाठ झालंय.

त्याहून वाईट गोष्ट. घरी जितकी वीज आत घेतली असं गाडी सांगते, त्यापेक्षा मीटर दर महिन्याला जास्त दाखवतो. दहा युनिटला जवळजवळ एक युनिट जास्त. आधी वाटलं मीटर खोटा. मग तुझं वाक्य आठवलं. काकांच्या दुकानात नवीन दिवा लागलाय, मोठा, भिंगाचा. तो कुठून जळतो? एकदा मी अंगणात आले तेव्हा ते डब्याजवळ वाकून उभे होते. मला बघून म्हणाले, स्क्रू पडलाय. घड्याळाचा स्क्रू अंगणात कसा पडतो?

मी डब्याला कुलूप लावलं. काकांनी ते बघितलं. तेव्हापासून माझं टपाल वर आणून देणं त्यांनी बंद केलं. आता पत्रं जिन्यात पडलेली असतात. तू सांग, असं होऊ शकतं का?

ठमी


११ सप्टेंबर

ठमे,

होऊ शकतं का म्हणून काय विचारतेस? माणूस दुसऱ्याच्या टाकीतून नळी लावून पेट्रोल ओढतो, मग वीज का ओढणार नाही? वीज तर सांडतसुद्धा नाही. कुलूप चांगलं केलंस.

आणि त्या दलालाने आकडा फुगवून दाखवला असणार. काट्यात फेरफार करणारे लोक मी पाहिलेत. म्हणूनच म्हणत होतो, झाकली मूठ.

भरण्यात काही कसूर करू नकोस. तेवढंच आपल्या हातात आहे.

गॅरेज बरं चाललंय. पुढच्या महिन्यापासून दर गुरुवारी मी गावाबाहेर असणार, सुट्या भागांच्या खरेदीला. तेव्हा गुरुवारी फोन करू नकोस, वहिनीला उगाच त्रास.

दादा


२ नोव्हेंबर

दादा,

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी.

वायरमन आला होता, दुसऱ्याच कामाला. त्याला मीटरचं सांगितलं तर म्हणाला, "ताई, भिंतीतून निघते तेवढी वीज बॅटरीत पोचतच नाही. वाटेत थोडी तापण्यात जाते. बादलीने पाणी नेताना नाही का सांडत?" म्हणजे दहाला एक हे सगळीकडेच होतं. दलालाने सांगितलं नव्हतं, तुलाही ठाऊक नव्हतं, आणि मी दोन महिने एका म्हाताऱ्या माणसाला चोर समजत होते. कुलूप काढलं. काकांच्या दुकानात जाऊन माफी मागितली. ते भिंगातून वर न बघता म्हणाले, "स्क्रू मिळाला नाही अजून." मला रडू आलं. मग त्यांनी स्टूल पुढे केलं.

तरी गाडीचा प्रश्न आहेच. आता एकशेपन्नास. हिवाळा यायचा आहे. एक चांगली गोष्ट सांगते, म्हणजे तू म्हणशील की ही रडतेच. टायर, विमा, वायर, सांडणारी वीज, सगळं धरून मी आठ महिन्यांचा खर्च काढला. चौथा हिस्सा नाही, पण जुन्या गाडीच्या निम्माच येतो. दलाल खोटं बोलला आणि तूही. खरं दोघांच्या मधे कुठेतरी निघालं.

मला फक्त एवढं सांग, तुझा नियम तोच ना? अजून काही करायला हवं का?

ठमी


१४ नोव्हेंबर

ठमे,

घाईत आहे, थोडक्यात लिहितो.

काकांचं बरं झालं. माणसाने माफी वेळेवर मागावी.

रोज काठोकाठ भरायची इतकी काही निकड नाही. विजेचे दर वाढलेत असं वाचलं. फेरीपुरती भरली तरी भागेल. थोडी कमी भर, बिल हलकं होईल. दुपारचं ते झटपट भरणंही महाग पडत असेल, बघ. मी आपलं सुचवलं.

वहिनी बरी आहे. इकडे थंडी सुरू झाली.

दादा


२५ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र वाचून हसू आलं. जन्मभर आम्हाला सांगितलंस की गाडीच्या पोटाला चिमटा काढू नये, आणि आता विजेचे दर बघून तूच चिमटा काढायला सांगतोस. माझ्या बिलाची काळजी करतोस हे कळलं, बरं वाटलं. पण चार पैशांसाठी मी बाबांचा नियम मोडणार नाही. उलट थंडी वाढली तशी जास्त जपते. सुट्टीच्या दिवशीही भरून, लावूनच ठेवते. तीन-तीन दिवस उभी असली तरी काठोकाठ.

मास्तरांची जखम भरत आलीये. दिवसाआड पट्टी बदलते. म्हणाले, महिनाभरात टेकडी उतरून तुमच्या मांजराशी ओळख करून घेईन.

ठमी


१२ जानेवारी

दादा,

या वेळी "दादा" लिहायलाही हात अडतो, पण दुसरं काही म्हणत नाही म्हणून लिहिते.

गेल्या महिन्यात थंडीचा कडाका पडला. गाडीतला हीटर लावला की काटा डोळ्यादेखत खाली येई. मी हीटर बंद करून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन फिरले. काचेवर आतून वाफ धरायची, ती हाताने पुसायची. १८ तारखेला टेकडीच्या पायथ्याशी काटा इतका खाली होता की वर गेले असते तर परत आले नसते. मास्तरांना फोन केला. म्हणाले, "काही नाही सिस्टर, पाय बरा आहे, परवा या." परवाही तेच झालं. मग दोन दिवस सुट्टीचे. सुट्टी संपल्यावर काकांच्या मेहुण्याची गाडी मागून वर गेले. पट्टी उघडण्याआधीच वासाने कळलं मला.

त्यांना इस्पितळात नेलं. उजव्या पायाचं एक बोट काढलं.

गेल्या आठवड्यात मोठ्या शहरात विजेच्या गाड्या तपासणाऱ्या कारखान्यात गाडी नेली. तिथल्या बाईने तासभर तारा लावून ठेवल्या आणि विचारलं, "रोज शंभर टक्के भरून उभी ठेवता का? वर रोज झटपट यंत्रावरही?" मी अभिमानाने हो म्हणाले. तिने तारा काढल्या. मग नीट सांगितलं. दोष तिघांचा आहे. थोडा गाडीच्या वयाचा, बराचसा थंडीचा, आणि बाकीचा काठोकाठ भरण्याचा. या जातीच्या बॅटरीला पूर्ण भरून ठेवलं की ती आतून झिजते, उन्हाळ्यात तर फारच. साधारण वीस ते ऐंशी टक्क्यांत ठेवायची, शंभर फक्त लांब जायचं त्या दिवशी. म्हणाली, तसं केलं असतं तर या थंडीतही टेकडी चढून उतरली असती.

इथवर मी तुला काही म्हटलं नसतं. तुला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण काल वहिनीचा फोन आला. मी विचारलं, गुरुवारची खरेदी काय म्हणते? ती म्हणाली, कसली खरेदी, विजेच्या गाड्यांच्या वर्गाला जातात, ऑक्टोबरपासून, तुला बोलले नाहीत?

ऑक्टोबरपासून. म्हणजे नोव्हेंबरात "बिल हलकं होईल" असं लिहिलंस तेव्हा तुला माहीत होतं.

मी कालपासून विचार करतेय आणि विचार एकाच जागी येऊन बसतो. ही गाडी बंद पडावी असं तुला वाटत होतं. मी परत यावं, निळी गाडी न्यावी, आणि तू म्हणावंस की मी सांगत होतो. माझा संशय खोटा असेल तर तसं लिही. खरा असेल तर पत्र लिहू नकोस.


१९ जानेवारी

ठमे,

लिहितोय. निळी गाडी मी सप्टेंबरातच विकली. तुझी गाडी बंद पडावी असं माझ्या मनात एक दिवसही आलं नाही. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचल्यावर तुला ते खरं वाटणार नाही.

गॅरेज बरं चाललंय हे खोटं होतं. वर्षभरात निम्मी गिऱ्हाइकं गेली. जी गाडी यायची तिचं बोनेट उघडून मी आत बघायचो आणि आत मला ओळखीचं काही दिसायचं नाही. म्हणून वर्गात नाव घातलं. तुला कसं सांगणार? तुझ्या गाडीची जी टर उडवली होती तिची शाई वाळली नव्हती. वर्गात सगळी विशीतली पोरं-पोरी. मला आजोबा म्हणतात आणि पुढच्या बाकावर बसवतात, कान अधू म्हणून.

तिसऱ्या गुरुवारी शिकवणाऱ्या मुलीने फळ्यावर लिहिलं, वीस ते ऐंशी. मी वहीत उतरवून घेतलं. मग तिने कारण सांगितलं. माझे कान गेलेत, पण ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं. मला तुझी गाडी दिसली, अंगणात, काठोकाठ भरलेली. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. वहिनीला वाटलं ताप आला.

तुझं पत्र आलं, तू विचारलंस की नियम तोच ना. मी चार कागद फाडले. बाबांनी सांगितलेला नियम, मी गावभर वाटलेला, आणि तो तुझ्यासाठी विष ठरला असं लिहायचं होतं. बाबा गेले तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. तेव्हापासून भांडलीस, पण शेवटी माझ्या शब्दावर चालत आलीस. तो शब्द परत घ्यायची मला लाज वाटली. मग पळवाट काढली. वाटलं, विजेच्या दराच्या निमित्ताने कमी भरायला सांगावं, गाडीही वाचेल आणि माझं नाकही. तुझं उत्तर आलं की तू बाबांचा नियम मोडणार नाहीस. ते पत्र माझ्या खिशात सहा आठवडे होतं. रोज वाटायचं, आज लिहू. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे मला कळत नव्हतं असं नाही.

माझ्या चुकीने गाडी झिजली. माझ्या गप्प बसण्याने मास्तरांचं बोट गेलं. थंडीचा वाटा किती आणि माझा किती हे मी मोजत बसणार नाही. काय करू ते सांग. सांगशील ते करीन.

दादा


२८ जानेवारी

दादा,

मुद्दाम केलं नाहीस हे वाचून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मुद्दाम करणारा भाऊ म्हटला की माणूस त्याच्यावर सरळ रागावून मोकळा होतो. हे असं, लाजेपायी गप्प बसणं, त्याच्यावर कसं रागवायचं ते मला जमत नाहीये. तरी रागावलेय. बरेच महिने रागावलेली राहीन. तू त्याची सवय करून घे.

पण एक गोष्ट मीही कुणाला सांगितलेली नाही. १८ तारखेला मी दवाखान्यात फोन केला असता तर डॉक्टरीणबाईंनी दुसरी नर्स टेकडीवर पाठवली असती. मी केला नाही. गाडी टेकडी चढत नाही हे त्यांना कळलं असतं तर खिडकीमागे बसवतील, ही भीती. म्हणून मास्तरांचं "पाय बरा आहे" मी मुकाट्याने खरं मानलं. सतरा वर्षं नर्स आहे मी. कुठला पेशंट केव्हा खोटं बोलतो ते मला कळतं. झाकून ठेवायची खोड आपल्या घरचीच असावी. सोमवारी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी फेरी काढून घेतली नाही, पण टेकडी दुसऱ्या नर्सकडे दिली, गाडीचा निकाल लागेपर्यंत.

काल इस्पितळात जाऊन मास्तरांना तुझं पत्र वाचून दाखवलं. तुला न विचारता. सगळं, वहिनीला ताप वाटला तिथपर्यंत आणि पुढेही. माझं फोन न करणंही सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपले. मग विचारलं, "तुमच्या भावाच्या वर्गाला परीक्षा असते का?"

मी म्हटलं, वहिनी म्हणाली होती, याच महिन्यात होती.

"पास झाले का?"

म्हटलं, माहीत नाही. लिहिलं नाही.

मास्तर म्हणाले, "विचारा. पास झाले असतील तर त्यांना बोलवून घ्या, तुमची गाडी तेच बघू देत. नापास झाले असतील तर दुसरा माणूस शोधा. माझ्याकडे आता नऊच बोटं आहेत."

तेव्हा निकाल कळव.

ठमी